वारशाने आलेले पायाचे शिलाई मशीन: आधी काय करावे आणि मग काय शिवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीचे पायाचे शिलाई मशीन घरी आले आहे. ते अनेक वर्षे बंद होते, चाक जड फिरते, टीप मधूनमधून सुटते आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होते. पाहायला आलेल्या कारागिराने हेड (म्हणजे टेबलावरचा, सुई-चाक असलेला मशीनचा वरचा भाग) बदलून मोटार बसवण्याचा सल्ला दिला आहे. विचारणाऱ्या ताईंना शिवण मुळापासून शिकायचे आहे आणि जमल्यास याच मशीनवर शिकायचे आहे.

माझे उत्तर स्पष्ट आहे. हेड बदलू नये, आणि मोटारीचा विचार निदान पहिले वर्षभर बाजूला ठेवावा. जड चाक, सुटणारी टीप आणि खालचे जाळे या तिन्ही तक्रारी जुनी मशीने दुरुस्त करताना मी सतत पाहिल्या आहेत. बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी वाळलेले तेल, अडकलेला दोरा, चुकीची सुई किंवा दोरा ओवण्यातली गफलत यांपैकी काहीतरी असते. ओतीव लोखंडाच्या त्या हेडमध्ये झिजून निकामी होण्यासारखे फार थोडे असते. जे झिजते ते बॉबिन (खालच्या दोऱ्याची लहान रीळ), बॉबिन केस (ती बसवायची डबी), पट्टा, रबरी रिंग असे किरकोळ आणि सहज मिळणारे असते.

प्रथम मशीन कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे, कारण बॉबिन आणि सुटे भाग त्यावर ठरतात. आपल्याकडच्या घरांतली बहुसंख्य काळी मशीने, त्यांच्यावर उषाचे नाव असो वा लुधियानात तयार झालेल्या एखाद्या छापाचे, सिंगरच्या १५ क्रमांकाच्या रचनेवर बेतलेली आहेत. त्यांची ओळख सोपी आहे: बॉबिन केस डाव्या टोकाकडून, उभ्या अवस्थेत बसते. सुईच्या शेजारची सरकती पट्टी उघडल्यावर गोल बॉबिन आडवे पडलेले दिसले, तर ते ६६ किंवा ९९ क्रमांकाच्या घराण्यातले समजावे, आणि होडीच्या आकाराचे लांबट शटल (वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा भाग) झोके घेताना दिसले तर ते २७ किंवा २८ च्या घराण्यातले, म्हणजे बहुधा आजीच्याही आधीच्या पिढीचे असेल. सिंगर असल्यास हेडच्या लोखंडी तळावर उजवीकडे अनुक्रमांक कोरलेला असतो. इ. स. १९०० पासून या क्रमांकांच्या आधी इंग्रजी अक्षरे येऊ लागली आणि त्यांवरून कारखाना व साल काढता येते. मॉडेलच्या आकड्यानंतर ‘के’ असेल तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यात बनलेले आहे. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. यापलीकडे वंशावळ शोधण्यात फार वेळ घालवू नये, कारण शिवायला वयाच्या दाखल्याची गरज नसते.

आता जड चाकाकडे वळू. दोष हेडमध्ये आहे की खालच्या स्टँडमध्ये, हे आधी ठरवावे. चामडी पट्टा चाकावरून उतरवा आणि वरचे चाक हाताने फिरवून पाहा. ते सहज फिरत असेल तर जडपणा खाली आहे, म्हणजे पॅडलच्या दोन टोकांना, मोठ्या चाकाच्या आसाला आणि पॅडलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यांना तेल हवे आहे. वरचे चाकच जड असेल तर चाकाच्या मधली मोठी चकती सैल करावी, म्हणजे चाक सुईपासून सुटे होते. तरीही ते जड राहिले तर चाकाच्या आतल्या भागात तेल सुकलेले असते किंवा बॉबिन भरण्याची रबरी रिंग चाकाला टेकून बसलेली असते. चकती सैल केल्यावर चाक हलके झाले, तर अडचण पुढच्या यंत्रणेत आहे. तिथेही एक भेद लक्षात ठेवावा. सगळ्या फेरीत सारखाच जडपणा असेल तर ते वाळलेले तेल होय, आणि एकाच ठिकाणी चाक ठेच लागल्यासारखे अडत असेल तर शटलच्या खोबणीत दोऱ्याचा तुकडा अडकलेला आहे असे समजावे.

तेल वाळण्याचे कारण बहुधा आपल्या स्वयंपाकघरात असते. मशीनचे तेल संपले की खोबरेल किंवा गोडेतेल घालण्याची पद्धत घरोघरी होती. खोबरेल थंडीत थिजते; करडईचे तेल हवेने सुकून वार्निशासारखा थर धरते, आणि शेंगदाण्याचे तेलही कालांतराने चिकट होते. त्या थरात सुताची धूळ मिसळली की लोखंडाचे सांधे जवळजवळ जखडतात. यावर उपाय जोर लावण्याचा नसून संयमाचा आहे. वरच्या सगळ्या छिद्रांत आणि जिथे जिथे लोखंडावर लोखंड घासते तिथे थोडे रॉकेल सोडावे, चाक हळूहळू पुढेमागे हलवावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी बाहेर आलेला काळा-पिवळा चिखल फडक्याने पुसावा. हे करताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास शेगडी, निरांजन, उदबत्ती काहीही पेटलेले नसावे. रॉकेल आता सहज मिळत नाही. नसल्यास मशीनचे पातळ तेलच पुन्हापुन्हा घालून चाक फिरवत राहावे, तेही थर सोडवते, फक्त दिवस जास्त लागतात. रॉकेल वापरले नसेल तेव्हा केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सांध्यावर धरली तर घट्ट थर लवकर मऊ होतो. रॉकेल वापरले असल्यास ते पूर्ण पुसून मगच नवे तेल घालावे, कारण रॉकेल साफ करते पण वंगणाचे काम करत नाही. तेल प्रत्येक जागी एक थेंब पुरते. गाडीचे इंजिन ऑइल किंवा ग्रीस या छिद्रांत कधीही घालू नये.

बाहेरच्या सोनेरी नक्षीबद्दल एक सूचना आवर्जून करतो. जुन्या काळ्या मशीनच्या रंगावर आणि नक्षीवर बहुधा लाखेचा पारदर्शक हात दिलेला असतो, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून सॅनिटायझर, स्पिरिट किंवा काच पुसण्याचे द्रव त्यावर लावू नयेत. नक्षी पांढुरकी होऊन जाते आणि परत येत नाही. कापसाच्या बोळ्यावर मशीनचेच तेल घेऊन हलक्या हाताने पुसले की पुरे. खंडेनवमीला मशीनची पूजा करताना हळदकुंकू लाकडी पाटावर वाहावे, हेडवर नको. तेलाच्या छिद्रांतून कुंकू आणि फुलांचे पाणी काढण्याचे काम दर दसऱ्यानंतर माझ्याकडे येते.

आता शटल. पंधरा क्रमांकाच्या रचनेत बॉबिन केस काढल्यावर त्याच्याभोवती एक गोल कडे दिसते, ते दोन लहान खिट्ट्यांनी धरलेले असते. चाक फिरवून सुई वर आणावी, खिट्ट्या बाहेरच्या बाजूला वळवाव्यात, म्हणजे कडे सुटते आणि त्यामागचे अर्धचंद्राकृती शटल हातात येते. काढण्यापूर्वी मोबाइलवर एक छायाचित्र घेऊन ठेवावे. खोबणीतली रुई मऊ ब्रशने आणि दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढावेत, खोबणीत एक थेंब तेल सोडावे आणि त्याच क्रमाने सगळे परत बसवावे. त्यानंतर सुईखालची प्लेट उघडून कापड सरकवणाऱ्या दात्यांमधली रुई काढावी. ती कधीकधी नमद्यासारखी घट्ट बसलेली असते आणि मग दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड जागच्या जागी थबकते आणि दोष मात्र शिवणारीच्या हातावर येतो.

बॉबिन केसच्या अंगावर एक पातळ पोलादी पट्टी असते. तिच्याखाली धुळीचा कण बसला तरी खालच्या दोऱ्याचा ताण बिघडतो. जाड कागदाची कड तिच्याखालून सरकवून ती साफ करावी आणि स्क्रूला हात लावण्यापूर्वी ताण तपासावा: दोरा धरून केस लोंबकळत सोडली तर ती जागच्या जागी थांबावी, आणि हाताला हलका झटका दिल्यावर बोट-दोन बोटे खाली घसरावी. असे होत असेल तर तो स्क्रू जसा आहे तसाच राहू द्यावा.

टीप सुटण्याचे पहिले कारण सुई असते. घरगुती मशीनला चपट्या दांड्याची सुई लागते, जिच्या पाकिटावर एचए एक्स १ किंवा १५ एक्स १ असे छापलेले असते. दुकानदाराला नुसती ‘सोळा नंबरची सुई’ मागितली तर तो कारखान्यातल्या वेगवान मशीनची गोल दांड्याची सुई देऊ शकतो. ती बसल्यासारखी वाटते पण शटलच्या टोकाशी तिचा मेळ राहत नाही. सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळावा. तिची दिशा कशी हवी याबद्दल वेगवेगळे सल्ले मिळतात, कारण मशीनप्रमाणे ती बदलते. न चुकणारा नियम असा की सुईला एका बाजूला लांब खाच असते, आणि दोऱ्याला वाट दाखवणारी सुईजवळची शेवटची कडी ज्या बाजूला असेल त्या बाजूला ही खाच यायला हवी. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा आणि चपटी बाजू तिच्या समोर, म्हणजे शटलच्या टोकाकडे ठेवायची.

यामागचे काम समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात. सुई सगळ्यात खाली जाऊन सुमारे दोन मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा लहानसा फास सुटतो. त्या क्षणी शटलचे टोक सुईच्या नेढ्याच्या किंचित वरून जाते, फास पकडते, तो बॉबिन केसभोवती फिरवते, आणि वरची दोरा ओढणारी दांडी तो घट्ट खेचून घेते. सुई वाकलेली असेल, उलटी असेल किंवा पुरती वर बसलेली नसेल तर टोक फासाला चुकते आणि टीप सुटते. प्लेट आणि बॉबिन केस काढून, चाक हाताने फिरवत हे सारे डोळ्यांनी पाहता येते. सुई योग्य असूनही टोक नेढ्याच्या फार वर किंवा खाली जात असेल, तरच सुईच्या दांड्याची उंची बदलण्याचा प्रश्न येतो आणि ते काम जाणकाराकडे द्यावे.

खालच्या जाळ्याचे कारण मात्र जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असते, जरी ते खाली दिसत असले तरी. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचललेले असताना टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन चकत्या सैल होतात आणि खाली टेकवल्यावर आवळतात. म्हणून दोरा ओवताना फूट वर हवे, नाही तर दोरा चकत्यांच्या मध्ये न जाता वरूनच घसरतो. आणि टेन्शनचा आकडा बदलताना फूट खाली हवे. शिवताना सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोके बोटभर लांब ठेवून मागे धरावीत आणि पहिला टाका चाक हाताने फिरवून घालावा. एवढे केल्यावर जाळे थांबत नसेल तर दोऱ्याकडे पाहावे. आजीच्या डब्यातली लाकडी रिळे कितीही मोहक असली तरी त्यांच्यावरचे सूत कुजलेले असू शकते. दोन्ही हातांत हातभर धरून ओढले आणि कुरकुर न करता तटकन तुटले, तर ते फक्त कच्चा धावदोरा घालण्यासाठी ठेवावे. लक्षात घ्या की शिवणीत बसण्यापूर्वी दोऱ्याचा तोच भाग सुईच्या नेढ्यातून अनेकदा वरखाली जातो, त्यामुळे अशक्त दोरा मशीन चांगले असूनही तुटत राहतो.

आता पट्टा आणि पॅडल. चामड्याचा पट्टा सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा गोल दोर असतो आणि तारेच्या क्लिपने जोडलेला असतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तो सैल पडतो आणि घसरू लागतो. तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा कमी तुकडा कापून पुन्हा जोडावा. एकदम जास्त कापला तर तो इतका ताठ बसतो की चाक जड होते आणि आसावर ताण येतो. पट्ट्याला तेल लावू नये.

पॅडल शिकण्यासाठी दोरा काढून टाकावा आणि रेघांच्या वहीचा कागद जुन्या सुईखाली धरावा. दोन्ही पाऊले पॅडलवर, एक किंचित पुढे आणि एक मागे अशी ठेवावीत, आणि सुरुवात पायाने न करता उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवून करावी. मग टाच आणि चवडा आळीपाळीने दाबत तीच गती राखायची. चाक उलटे फिरले तर दोरा तुटतो, हीच नवशिक्यांची मुख्य अडचण आहे. कागदावरच्या रेघेवर सरळ भोके पडू लागली, कोपऱ्यावर सुई खाली ठेवून कागद वळवता आला, आणि ठरवलेल्या जागी हाताने चाक थांबवता आले, म्हणजे दोरा ओवायला हरकत नाही. मोटार नको म्हणण्याचे खरे कारण हेच आहे: पॅडलवर एकेक टाका घालता येतो, आणि शिकणाऱ्याला तेच हवे असते. गुडघेदुखी असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मोटार खुशाल बसवावी. वारशाने आलेले मशीन आधीपासूनच मोटारीचे असेल तर मात्र प्लग लावण्यापूर्वी वायरमनकडून जुनी वायर बदलून घ्यावी, कारण रबराचे जुने आवरण तडकून आतली तार उघडी पडते.

काय शिवावे, हे मशीनच ठरवते. ते फक्त सरळ टीप घालते, पण ती इतकी नेटकी घालते की आजची बरीच स्वस्त मशीने तिच्यापुढे फिकी पडतात. सुरुवात पॉपलिन किंवा केंब्रिकच्या उशीच्या अभ्र्याने आणि कापडी पिशवीने करावी, नंतर परकर आणि बाळाची झबली घ्यावीत. मलमल आणि रुबियाला ११ नंबरची सुई, पॉपलिनला १४, जाड खादीला १६ आणि डेनिमला १८ ही विभागणी पुष्कळशी बरोबर ठरते. झिगझॅग नसल्यामुळे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून शिवणीतच त्या बंद कराव्या लागतात. झबल्याला फ्रेंच शिवण घ्यावी: आधी कापडाच्या सुलट्या बाजू बाहेर ठेवून बारीक टीप, मग कापड उलटवून ती कड आत घेणारी दुसरी टीप, म्हणजे बाळाच्या अंगाला आतून काहीही टोचत नाही. पिशवी, पायजमा, शर्ट यांना रन अँड फेल, म्हणजे कड दुमडून वरून दुसरी टीप घातलेली सपाट शिवण, जास्त टिकाऊ. बऱ्याच जुन्या मशीनांना उलटी टीपही नसते. तेव्हा शेवटी सुई खाली ठेवून कापड पूर्ण वळवावे आणि त्याच रेषेवर चार टाके परत यावे, किंवा दोरे ओढून गाठ मारावी.

टी-शर्ट आणि ताणणारे होजिअरी कापड या मशीनवर शिवू नये. कापड ताणले की सरळ टीप तुटते आणि त्याला मशीनचा इलाज नाही. जॉर्जेट आणि शिफॉन जमते, पण खाली पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा. पैठणीला हात शेवटी लावावा, कारण सुईचे भोक रेशमावर कायमचे राहते.

गोधडीबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण जुने मशीन मिळाले की बहुतेकांच्या मनात आजीच्या साड्यांची गोधडी असते. हाताने घातलेला धावदोरा थरांना मोकळे ठेवतो, मशीनची टीप त्यांना आवळते, त्यामुळे मशीनची गोधडी थोडी कडक होणार हे आधीच मान्य करावे. प्रेशर फूट वरच्या साडीला पुढे ढकलते आणि खालचे दाते खालच्या साडीला मागे ओढतात, म्हणून कडेपासून सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला बोटभर चुण्या जमतात. यासाठी हेडच्या वरच्या टोकाचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करावा, सगळे थर वीतभर अंतरावर मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यावेत, टीप तीन ते चार मिलिमीटर लांब ठेवावी, मधून सुरुवात करून कडांकडे जावे, आणि जोडाच्या जाड जागी पाय थांबवून चाक हाताने फिरवावे. चार-पाच सुती थर आजीचे मशीन कुरकुर न करता घेते. वापरून विरलेली साडी वरच्या थराला घेऊ नये. ती आत घालावी, वर मजबूत घ्यावी.

मशीनसोबत पत्र्याचा किंवा लाकडी डबा आला असेल तर तो भंगारात देऊ नये. त्यातल्या चमत्कारिक वाटणाऱ्या तुकड्यांमध्ये बारीक दुमड घालणारा हेमर, चुण्या घालणारा रफलर आणि कडेला पट्टी लावणारा बाइंडर असतो. ओढणीची किंवा रुमालाची कड हेमरने दुमडायला सरावाने फार लवकर जमते. पंधरा क्रमांकाच्या मशीनला आज बाजारात मिळणारे बुटक्या दांडीचे चेनचे फूट आणि इतर बरीच फूट बसतात.

शेवटी कारागिराकडे कधी जायचे ते सांगतो. साफसफाई, नवी सुई, नवा दोरा आणि नीट ओवणे झाल्यावरही टीप सुटत असेल. चाक फिरते पण सुई हलत नाही आणि चाकातली चकती व तिच्यामागची वॉशर उलटसुलट बसवूनही फरक पडत नसेल. किंवा शटलच्या टोकाला बोटाला जाणवेल इतकी खरवड असेल, तर जावे. त्याला ‘मशीन बिघडले आहे’ असे सांगू नये, काय काय करून पाहिले आणि कोणत्या कापडावर काय होते ते सांगावे, सोबत शिवलेला तुकडा द्यावा. काम शक्यतो समोर बसून करून घ्यावे आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा.